राजकीय विपणनाचा अभ्यास पैशापासून सुरू व्हावा

संपादक महोदय,

१९८४च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने रीडिफ्युजन या जाहिरात संस्थेकडे प्रचार सोपवला, तेव्हा त्याची नवलाई होती. आज विधानसभेच्या साध्या इच्छुकाकडेही सर्वेक्षण करणारा, रील बनवणारा आणि मतदार यादीचा डेटा सांभाळणारा माणूस असतो. राजकीय विपणनाचा, म्हणजे जाहिरात, सर्वेक्षण आणि डेटा वापरून उमेदवार मतदारांपर्यंत नेण्याचा, व्यवसाय एवढा फोफावला, तरी आपल्याकडचा अभ्यास बहुतेक वेळा घोषणा आणि जाहीरनाम्यांपाशीच घुटमळतो. पैसे कोणी मोजले, हे आधी शोधले पाहिजे.

महाराष्ट्रात विधानसभा उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख आणि लोकसभेची ९५ लाख रुपये आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. मांडव, खुर्च्या, वडापाव यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवतात, त्यामुळे तो खर्च निदान पकडता येतो. पण गावाच्या किंवा तालुक्याच्या नावाने चालणाऱ्या एखाद्या फेसबुक पेजने पैसे भरून उमेदवाराचा उदोउदो केला, तर तो खर्च सहसा कोणाच्याच वहीत चढत नाही. उमेदवाराच्या लेखी परवानगीविना असा खर्च करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ नुसार गुन्हा आहे. तो सिद्ध करायचा तर जाहिरातीची नोंद हाती हवी.

ही नोंद प्रचार सुरू असतानाच घ्यावी लागते. राजकीय म्हणून जाहीर केलेल्या जाहिराती फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या अ‍ॅड लायब्ररीत, म्हणजे जाहिरातींच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात, सात वर्षे राहतात. जाहिरातदाराने जाहिरात राजकीय असल्याची खूण केलीच नाही, तर आपल्याकडे जाहिरात थांबताच ती तिथून दिसेनाशी होते. म्हणून आचारसंहिता लागल्यापासून रोज ठरलेल्या वेळी पेजचे नाव, प्रायोजकाची (पैसे कोणी दिले ते सांगणारी) ओळ, तारीख आणि स्क्रीनशॉट टिपावेत. खर्च तिथे 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा दिसतो आणि प्रदेश राज्यापुरताच कळतो. मतदारसंघ मजकुरातील गावांच्या नावांवरून ओळखावा लागतो. किमान आणि कमाल बेरजा वेगळ्याच ठेवाव्यात. मधला आकडा काढून छापणे ही फसवी अचूकता आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा प्रचार यात येतच नाही, तो स्वेच्छेने दाखवणाऱ्या मतदारांकडूनच गोळा करावा लागेल.

निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराला हिशेब द्यावा लागतो. १९६१च्या निवडणूक नियमांनुसार एक रुपया शुल्क भरून तो कोणालाही पाहता येतो, ठरलेल्या शुल्कात प्रमाणित प्रतही मिळते. आपल्या नोंदी आणि हा हिशेब शेजारी ठेवले की तफावत उघडी पडते.

जाहिरातीने मत बदलले का, हा प्रश्न अवघड आहे. निकालानंतर विचारले तर अनेक जण जिंकलेल्यालाच मत दिल्याचे सांगतात. त्याच मतदारांना आचारसंहितेपूर्वी, प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात आणि मतदानानंतर विचारावे. दर फेरीत माणसे गळतात, म्हणून पहिल्या फेरीतला नमुना, म्हणजे निवडलेल्या मतदारांची संख्या, मुद्दाम मोठा घ्यावा.

विद्यापीठांच्या राज्यशास्त्र आणि व्यवस्थापन विभागांनी पुढच्या निवडणुकीची घोषणा होण्याआधी एकच नोंदतक्ता ठरवून मतदारसंघ आपसांत वाटून घ्यावेत, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

– निवडणूक प्रचाराचे अभ्यासक, पुणे