दिनचर्या एका रात्रीत अंगवळणी पडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयुर्वेद दिन पूर्वी धनत्रयोदशीला असे, २०२५ पासून तो २३ सप्टेंबरला ठरला. त्या निमित्ताने आपल्या आरोग्य पुरवणीत दिनचर्येवर पानभर मजकूर आला. साताऱ्यात आमचे काष्ठौषधींचे, म्हणजे झाडपाल्याच्या औषधांचे, दुकान आहे. दुसऱ्याच दिवशी एका तरुण मुलीने त्याचे कात्रण काउंटरवर ठेवले आणि म्हणाली, "काका, यातलं सगळं द्या." अश्वगंधा, त्रिफळा, गुळवेल, ज्येष्ठमध, नाकात घालायचे तेल, जीभ घासायची पट्टी, तांब्याची बाटली. शिवाय उद्यापासून पहाटे उठून अंगाला तेल, व्यायाम आणि काढा. नोकरीमुळे तिचे रात्रीचे जेवण अकराला होते. मी तिला फक्त तिळाचे तेल दिले.

पुरवणीतली माहिती चुकीची नव्हती. पण नवख्या माणसाने सुरुवात कुठून आणि किती करायची, हे त्यात नव्हते. वाग्भटांनी अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात ते स्पष्ट सांगून ठेवले आहे: 'पादेनापथ्यमभ्यस्तं पादपादेन वा त्यजेत्'. जडलेली वाईट सवय पाव हिश्श्याने, नाहीतर त्या पावाच्याही पावाने सोडावी. चांगली सवयही तशीच, मध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवत लावावी. चांगली गोष्टसुद्धा एकदम केली तर बाधते, असे ते बजावतात. दिनचर्येचे श्लोक सगळे छापतात, हा मात्र कोणी छापत नाही याचे मला फार वाईट वाटते. आठवड्यात कंटाळून सगळे सोडून देणारी माणसे आम्ही कायम पाहतो. अर्धी भरलेली चूर्णाची पाकिटे परत घ्याल का, असे विचारायला येतात.

त्या मुलीला मी सांगितले, जेवण अकराचे एकदम सातला आणू नकोस. आधी साडेदहा, ते जमले की दहा. रात्रीचे दही तेवढे बंद कर, दुपारी ताजे ताक घे. आणि झोपताना पायाला तेल लाव. अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणे, रोज करावा, आणि तो डोके, कान व पाय इथे तर विशेष करून, असेच शास्त्रात आहे. सर्वांगाला तेल लावायला सकाळी वेळ नसेल तर पायांपासून सुरू करायला काहीच हरकत नाही. वाटीत दोन चमचे तिळाचे तेल घ्यायचे, ती वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करायचे. टाचेपासून बोटांकडे, बोटांच्या बेचक्यांत, घोट्याभोवती गोल, असे दोन्ही पायांना सावकाश चोळायचे. मग जुन्या फडक्याने पुसून घ्यायचे, नाहीतर फरशीवर पाय घसरतो. काशाची वाटी घरात असेल तर उत्तम, नसेल तर हात पुरे. काशाने चोळल्यावर तळवा काळा होतो, ती अंगातली उष्णता बाहेर पडली असे गिऱ्हाइके सांगतात. तो काळेपणा धातूचा असतो. तेल लावलेल्या फडक्याने वाटी घासली तरी फडके काळे होतेच. ताप, सर्दी-कफ किंवा अजीर्ण असेल त्या दिवशी तेल लावू नये, हेही शास्त्रातच आहे.

दात घासताना जीभ घासणे, भूक लागल्याशिवाय न खाणे, शौच-लघवी, शिंक, जांभई असे वेग न अडवणे, यांना पैसे लागत नाहीत. दुकानदार असून सांगतो, पहिले महिना-दोन महिने आमच्याकडे येण्याची गरजच पडू नये.

२०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी, मनुका यांचा काढा दिवसातून एकदा-दोनदा घ्यायला सांगितला होता. लोक तो चहासारखा दिवसभर पीत होते आणि मग तोंड आले, छातीत जळजळते म्हणून येत होते. आता ऑक्टोबरचे ऊन आहे, शरदात पित्त आधीच वाढलेले असते. अशात सुंठ-मिरीचा काढा रोजची सवय म्हणून कोणी सुरू करू नये. ज्येष्ठमधाचेही तसेच. गोड लागते म्हणून दिवसभर चघळतात, पण त्याने रक्तदाब वाढतो. बीपीच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारल्याशिवाय मी ते बांधून देत नाही. तांब्याच्या बाटलीत लिंबू पिळून नेणारेही भेटतात. आंबट पदार्थ तांब्यात कळकतो, तांब्यात नुसते पाणीच ठेवावे. आणि चूर्णे सुरू केली म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. असे करणारे दर महिन्याला कोणीतरी असतेच.

माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. पानभर यादीऐवजी दर आठवड्याला एकच सवय द्या. ती कोणत्या ऋतूत चालते, कोणी करू नये आणि तिची सुरुवात किती थोड्याने करायची, हे वैद्यांकडून लिहून घ्या. दिवाळी तोंडावर आहे, नरक चतुर्दशीला घरोघर तेल-उटणे निघेलच. पहिला लेख अभ्यंगावर घेतलात तर उरलेले तेल वर्षभर माळ्यावर पडून राहणार नाही.

आपला,
एक काष्ठौषधी विक्रेता, सातारा