‘देवाची इच्छा’ म्हणून गप्प बसू नका

मा. संपादक,

५ जुलै, म्हणजे फादर स्टॅन स्वामींचा स्मृतिदिन आला की आमच्या ख्रिस्ती ग्रुप्सवर त्यांचा फोटो फिरतो, खाली मेणबत्त्या आणि जोडलेले हात पडतात, आणि कोणीतरी हमखास लिहितं की देवाची इच्छा, देवाने त्यांना सोडवलं. मला हे वाचून दरवर्षी राग येतो, म्हणून हे पत्र.

झारखंडमध्ये आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणारा ८३ वर्षांचा जेझुइट (येशूसंघी) फादर, पार्किन्सन्समुळे पाण्याचा ग्लास धड हातात धरवत नाही, अशा माणसाला ८ ऑक्टोबर २०२० ला एनआयएने (राष्ट्रीय तपास यंत्रणेने) रांचीजवळून एल्गार परिषद (भीमा कोरेगाव) केसमध्ये यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लावून पकडलं आणि नवी मुंबईतल्या तळोजा जेलमध्ये ठेवलं. सिपर आणि स्ट्रॉसाठी कोर्टात अर्ज करावा लागला आणि त्यावर उत्तर द्यायला यंत्रणेने २० दिवस मागून घेतले! मार्च २०२१ मध्ये स्पेशल कोर्टाने जामीन नाकारला. मे महिन्यात त्यांनी व्हिडिओवरून हायकोर्टाला सांगितलं की जेलमध्ये आलो तेव्हा माझं मी चालत होतो, लिहीत होतो, आता जेवणही कोणीतरी भरवावं लागतं, हॉस्पिटल नको, त्यापेक्षा इथेच मरेन, मला माझ्या माणसांत जाऊ द्या. शेवटी वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये हलवलं, तिथे कोरोना निघाला, आणि ५ जुलै २०२१ ला जामिनाच्या सुनावणीतच ते गेल्याचं कोर्टाला सांगावं लागलं. आरोप त्यांनी कायम नाकारले होते, पण खटला उभाच राहिला नाही, त्यामुळे ते गेले तेही आरोपी म्हणूनच.

आता यात देवाची इच्छा कुठे आली? हे माणसांनी सह्या करून घेतलेले निर्णय आहेत, त्यांचं बिल देवाच्या नावावर कशाला फाडायचं?

दुसरीकडे मित्र विचारतात, मग तुमचा देव काय करत होता? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं तयार उत्तर बायबलातही नाही. हबक्कूक संदेष्टा सरळ देवालाच जाब विचारतो की मी किती ओरडू, तू ऐकत का नाहीस. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही, काही नाही. तरी ते स्तोत्र कोणी काढून टाकलं नाही, आजही आपण म्हणतो. म्हणजे तक्रार करणं हा अविश्वास नाही, ती प्रार्थनाच आहे, उलट सगळं छान आहे असं देवाला सांगणं हेच मला खोटं वाटतं.

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशूने एका विधवेची गोष्ट सांगितलीय, ती न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा येते, मला न्याय द्या म्हणते, आणि तो देवालाही भीत नाही नि माणसालाही जुमानत नाही. प्रवचनात आपण हे फक्त प्रार्थनेवर ऐकतो, पण ती बाई कोर्टात उभी आहे हो! आणि गोष्ट संपवताना येशू विचारतो की मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर श्रद्धा सापडेल का. मला तरी यातून एवढंच कळतं की त्या बाईचं हेलपाटे घालत राहणं हीच श्रद्धा.

फादर स्टॅन स्वतः तेच करत होते. नक्षलवादी ठरवून वर्षानुवर्षं आत ठेवलेल्या आदिवासी पोरांसाठी त्यांनी झारखंड हायकोर्टात याचिका केली होती. तळोजातून त्यांनी लिहिलं होतं की त्याच केसमधले सहआरोपी अरुण भरवतात, वर्नन आंघोळीला मदत करतात, आणि कोठडीतले दोन गरीब कैदी कपडे धुतात, गुडघे चोळून देतात. त्यांनी प्रार्थना मागितली ती या सोबत्यांसाठी, आणि आपल्यावर काय आरोप आहेत हेही माहीत नसलेल्या कैद्यांबद्दल लिहिलं.

देशातल्या जेलमधले चारातले जवळजवळ तीन जण अजून कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा निकालच लागलेला नाही. जामीन मंजूर झालाय पण भरायला पैसे नाहीत किंवा जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेलेही आहेत. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) वकील आहेत, रिटायर्ड बँकवाले आहेत, तळोजा काही लांब नाही. या ५ जुलैला फोटो जरूर फॉरवर्ड करा, पण त्यासोबत चर्चमधल्या मिस्सानंतर थांबून एक यादी करा, कोण केस बघेल, कोण जामीनदार राहील आणि कोण किती पैसे देईल याची.

– एक वाचक, वसई