वास्कोच्या भाईंना, वेर्ण्याहून

आदरणीय भाई,

या महिनाअखेरीस तुम्ही क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे आमच्यासारख्यांचा माल कागदपत्रांनिशी जहाजावर चढवून देण्याच्या कामातून मोकळे होताय असं कळलं. हार-नारळ तुम्हाला नको असतात आणि भाषण मला जमत नाही, म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

आमचं युनिट छोटं, बोटींचे रंग आणि थिनर. माल पत्रादेवीवरून ट्रकने न्हावा शेवाला, पुढे जहाजाने. आमच्यासारख्या पार्टीला एजंट सहसा "कागद पाठवा, बघतो" एवढंच सांगतात. तुम्ही कागद परत पाठवायचात, लाल पेन्सिलीने गोल करून. आधी यूएन १२६३ हा रंगाचा धोकादायक मालातला नंबर, मग 'पेंट' हे नाव, मग वर्ग ३ म्हणजे पेट घेणारे द्रव, मग धोका किती ते सांगणारा पॅकिंग ग्रुप. हा क्रम इकडचा तिकडे झालेला तुम्हाला कधी खपला नाही. फ्लॅश पॉइंट लिहिलेला नसला की फोन ठरलेला: "बाय, हा रंग किती तापमानाला पेट घेईल ते जहाजावरच्यांनी वास घेऊन ओळखायचं का?"

आणि तुमच्या खिडकीतल्या त्या दोन बाटल्या! समुद्रमार्गाच्या नियमात लिहिलंय की लेबल निदान तीन महिने समुद्राच्या पाण्यात राहिलं तरी ओळखता आलं पाहिजे. लोक हे वाक्य वाचतात आणि पुढे जातात. तुम्ही बायण्याहून पाणी भरून आणलंत आणि प्रेसवाल्याने दिलेले लेबलाचे दोन्ही नमुने, एक कागदी आणि एक प्लास्टिकचा, त्यात सोडलेत. कागदी नमुन्याचा लाल चौकोन, म्हणजे पेट घेणाऱ्या मालाची खूण, आधी गुलाबी झाला, मग त्यातली ज्वाळाच दिसेना. प्लास्टिकचा होता तसा राहिला, फक्त कडेला शेवाळ धरलं. प्लास्टिक लेबलांच्या किमतीवरून आमच्या मालकांची कुरकुर चालू होती, ती त्या बाटल्या बघून थांबली.

स्ट्रेच फिल्म गुंडाळलेल्या पॅलेटवर आतली लेबलं झाकली गेली तर ती बाहेर पुन्हा लावायची आणि वर 'ओव्हरपॅक' लिहायचं, हेही तुम्हीच शिकवलंत. जुनं खोकं वापरलं तर त्यावरची आधीची खूण झाकायची. ट्रकवाले तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालायचे, ते तुम्हालाही ठाऊक होतं.

पण भीतीपोटी लेबलांचा भडिमार करणाऱ्यांवर तुम्ही जास्त चिडायचात. फेणीच्या बाटल्यांच्या खोक्यांवर कोणीतरी लाल चौकोन डकवले होते, तेव्हाचा तुमचा चेहरा आठवतो. फेणी बेचाळीस टक्क्यांच्या आसपासची, म्हणजे पेटणारी खरी. पण २४ ते ७० टक्क्यांपर्यंतचं मद्य २५० लिटर किंवा त्याहून लहान भांड्यात असेल, तर जहाजाला तो धोकादायक माल धरत नाहीत. तिथे काच जपा, बाण वर करा, बस्स. उगाच लावलेल्या लाल चौकोनांमुळे खऱ्या चौकोनाकडेही कोणी बघेनासं होतं, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

२५ मे २०२५ ला केरळच्या किनाऱ्याजवळ 'एमएससी एल्सा ३' हे मालवाहू जहाज बुडालं. ६४० कंटेनर, त्यातल्या बारांमध्ये कॅल्शियम कार्बाइड. पाणी लागलं की ज्वलनशील ॲसिटिलीन वायू सोडणारं. बाकी सगळे बातम्यांवर बोलत होते. तुम्ही फोन करून एवढंच विचारलंत की आमच्या कागदावरचा आणीबाणीचा नंबर रात्री दोनला कोण उचलतं. तो ऑफिसचा लँडलाइन होता. आता तिथे आमच्या केमिस्टचा मोबाइल आहे, आणि तो बिचारा फोन उशाशी घेऊन झोपतो.

यातल्या कशाचंच तुमच्या बिलात कधी काही लागलं नाही. त्याबद्दल मनापासून आभार, भाई.

आता एक मागणं. थिनरचे नमुने पहिल्यांदाच विमानाने पाठवायचे आहेत, त्यासाठी दोन्ही कडांना लाल तिरक्या पट्ट्या असलेलं ते धोकादायक मालाचं डिक्लरेशन भरायचं आहे. मोकळे झालात की एखाद्या रविवारी वेर्ण्याला जेवायला या. हुमण करते. कागदही दाखवणार आहे, आधीच सांगून ठेवते.

तुमची,
वेर्ण्याची डिस्पॅचवाली