तिसरीच्या वर्गाला कविता पाठ करवताना

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

स्नेहसंमेलनासाठी तू बालकवींची 'श्रावणमासी' निवडलीस, फार आनंद झाला. पण अख्खी कविता घेऊ नकोस. तिसरीला पहिल्या आठ ओळी पुष्कळ झाल्या.

मोबाइलवरची चाल आधी ऐकवू नकोस. मुलं सूर धरतात आणि शब्द गिळतात. आधी टाळी. प्रत्येक ओळीत आठ, आठ, आठ आणि सहा मात्रा (उच्चाराला लागणाऱ्या वेळेची मापं) आहेत: श्रावणमासी / हर्ष मानसी / हिरवळ दाटे / चोहिकडे. प्रत्येक गटाच्या पहिल्या अक्षरावर टाळी, म्हणजे ओळीला चार. शेवटच्या गटात दोन मात्रा कमी आहेत, ती श्वास घेण्याची जागा. मुलं नेमकी तीच खाऊन टाकतात, म्हणून वेग वाढत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला दम लागतो. 'चोहिकडे'तला 'हि' ऱ्हस्वच हवा, दीर्घ केला की टाळी चुकते.

अर्थ त्याच वेळी सांग. 'शिरवे' म्हणजे पावसाच्या हलक्या सरी. 'गोफ दुहेरी'साठी दोन रंगांचे दोरे वर्गात विणून दाखव. ज्याने विणताना पाहिलं, तो ती ओळ विसरत नाही.

पाठांतरासाठी फळा वापर. रोज दोनच ओळी लिही. सगळ्यांनी म्हटल्या की एक शब्द पूस, पुन्हा म्हणवून घे, मग दुसरा पूस. आधी नामं आणि क्रियापदं पूस, कारण तीच आठवावी लागतात. दुसऱ्या दिवशी नव्या ओळींआधी जुन्या म्हणायच्या. आठ ओळी झाल्या की दोन दिवस जाऊ दे आणि परिपाठाला अचानक म्हणवून घे. खरं पाठ किती झालंय ते तेव्हा कळतं.

सामूहिक म्हणण्यावर विसंबू नकोस. कच्ची मुलं ओळीचा शेवटचा शब्द तेवढा मोठ्याने ओढतात आणि पाठ असल्यासारखी वाटतात. मधलीच ओळ देऊन एकेकाला पुढे म्हणायला सांग. कुठूनही सुरू करता आली, तरच कविता पाठ झाली म्हणायची.

या कवितेत एक खोड्याळ जागा आहे. दुसरी आणि सहावी, दोन्ही ओळी 'ऊन पडे'वर संपतात. त्यामुळे सहावीनंतर मुलं परत 'वरती बघता'वर जातात, किंवा दुसरीनंतर थेट 'उठती वरती'वर उडी मारतात. हे दोन सांधे वेगळे घोटून घे: 'क्षणात फिरुनी ऊन पडे', मग लगेच 'वरती बघता', 'पिवळे पिवळे ऊन पडे', मग 'उठती वरती'. वीसदा झालं तरी चालेल.

पहिल्याच ओळीत 'ण' आणि 'ळ' दोन्ही आहेत. घरी 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला मध्येच थांबवून सुधारू नकोस. ओळ पूर्ण होऊ दे, मग तू स्वतः तीच ओळ स्पष्ट म्हण. घरची बोली चुकीची आहे असं त्याला कधीही वाटता कामा नये. एकदा मूल लाजून गप्प झालं की ते कायमचं गप्प होतं.

हातवारे शेवटच्या दोन दिवसांत, आणि ओळीला एकच. शब्दाशब्दाला हात हलवला की लक्ष हाताकडे जातं. मंचावर मुलं उत्साहात वरच्या पट्टीत सुरू करतात आणि पुढे किंचाळतात, म्हणून पहिला सूर मध्यम आवाजाच्या मुलाला देऊ दे. कवीचं नाव आधी घ्यायचं, ते राहून जातं. माइक मुलांच्या हनुवटीएवढा खाली आहे का, हे आदल्या दिवशीच बघून ठेव.

तुझी,
आई