बाय, तुझ्या स्क्रिप्टबद्दल जाहीर आभार

प्रिय बाय,

चवथीला पुण्याहून आलीस ती घरच्या गणपतीसाठी, आणि संध्याकाळी बसलीस माझ्या लॅपटॉपपुढे, मान वळली तरी हेडफोनमधला आवाज जागेवर ठेवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहायला. तोंडावर आभार मानले असते तर ‘काय हो काका’ म्हणून उडवून लावलं असतंस. म्हणून चारचौघांत लिहितोय.

दशावतारी नाटकाचं ते रेकॉर्डिंग मी झूम एच३-व्हीआर या रेकॉर्डरवर केलं होतं. चार कॅप्सूलचा माइक, चहूबाजूंचा आवाज चार चॅनेलमध्ये. रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आयईएम या संस्थेचे फुकट मिळणारे प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) लावून हेडफोनवर ऐकताही येत होतं. पण मान वळवली की अख्खा सभामंडप मानेबरोबर वळायचा. पायपेटी उजव्या कानाला चिकटली ती चिकटलीच, आणि समोरून येणारा संकासूर (नाटकातला राक्षस) कधीकधी पाठीमागून आल्यासारखा वाटायचा. आवाज पुढचा की मागचा हे आपण नकळत मान हलवून ठरवतो, आणि हेडफोनवर तीच सोय जाते, हे तू सांगितलंस तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.

वेबकॅमने चेहरा टिपायचा मार्ग तू आधीच बाद केलास. मान जास्त वळली की कॅमेऱ्याला चेहराच दिसत नाही, आणि आमच्याकडे पावसात लाईट गेली की उरतो काळोख. त्याऐवजी हेडफोनच्या पट्टीवर मान किती वळली ते मोजणारा बीएनओ०५५ सेन्सर बसवलास. हेडफोनमधल्या चुंबकांनी त्याचं होकायंत्र भरकटू नये म्हणून ते बंदच ठेवलंस. त्यामुळे पक्की दिशा न उरल्याने ‘समोर’ हळूहळू सरकतं, त्यावरही स्पेसबारचा उपाय: समोर बघायचं, बटण दाबायचं, की तीच दिशा शून्य.

स्क्रिप्ट पायथनची, जेमतेम पानभर. यूएसबीवरून सेन्सरचे चार आकडे वाचायचे आणि ओएससी (प्रोग्रॅम एकमेकांना पाठवतात तसल्या) संदेशात घालून त्याच लॅपटॉपवरच्या सीनरोटेटरला, म्हणजे सगळा आवाज फिरवणाऱ्या आयईएमच्या प्लगइनला, यूडीपीने पाठवायचे; यूडीपी म्हणजे संदेश पोचला की नाही ते न बघता पाठवून मोकळं होणं. एखादा संदेश हरवला तर, म्हणून मी कुरकुरलो. तू म्हणालीस, ‘मान मघाशी कुठे होती ते आता कळून काय उपयोग? पुढचा येतोच आहे.’ पटलं. साध्या कोनांऐवजी क्वाटर्नियन, म्हणजे वळण सांगणारे ते चार आकडे, का, तेही तू हेडफोन हातात फिरवून दाखवलंस: कोन १८० वरून एकदम उणे १८० वर उडी मारतो, आणि मध्ये आकडे गुळगुळीत करायला गेलं की आवाज उलट्या बाजूने पूर्ण गिरकी घेतो.

मला सगळ्यात आवडली ती एकच ओळ. चार आकड्यांतल्या शेवटच्या तिघांची चिन्हं उलटी करायची, बस. मान उजवीकडे गेली की आवाजाने डावीकडे जायला हवं, तरच पायपेटी जागची हलत नाही. चार चॅनेलचा आवाज थोडा पसरटच राहतो, नेमकं बोट ठेवता येत नाही. पण जागा सोडत नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

तयार फाइल हातात देऊन तू मोकळी होऊ शकली असतीस. त्याऐवजी प्रत्येक ओळीवर मराठीत टीप लिहिलीस, म्हणून मागाहून लॅपटॉप बदलला तेव्हा पोर्टचं नाव मीच दुरुस्त केलं, तुला फोन न करता.

पखवाजवाल्या बुवांना ऐकवलं. हेडफोन घातल्या घातल्या त्यांनी मान वळवून स्वतःचा पखवाज शोधला आणि पहिली तक्रार केली की माइक झांजेच्या फार जवळ ठेवलास. आता जत्रा सुरू होतील तेव्हा माइकची जागा बदलतोय. रजा मिळाली तर ये. सेन्सरची वायर लांब करायचीय, ती किती चालेल ते तूच सांग.

तुझा,
शेजारचा काका
वेंगुर्ले