समुपदेशक मॅडम, तुमच्या हिरव्या शाईच्या त्या पानाबद्दल

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात ठाण्याच्या कुटुंब न्यायालयात गेलो तेव्हा तुमची बदली झाल्याचं कळलं. नवा पत्ता कुणी दिला नाही, आणि देऊही नये. म्हणून हे पत्र असं उघड लिहितोय. रोज इतकी जोडपी तुमच्यासमोर बसतात, त्यात मी लक्षात असेन असं नाही. पण मी तोच, ज्याने आमच्या परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सही करायच्या अटींत, 'मुलीचा ताबा निम्मा-निम्मा, सबब कोणीही कोणाकडे मुलीचा खर्च मागणार नाही' असं कलम घालून आणलं होतं.

तेव्हा मला ते अगदी सरळ वाटत होतं. मी ऐरोलीला, तिची आई नौपाड्यात, शाळाही ठाण्यातच. एक आठवडा इथे, एक आठवडा तिथे. दिवस सारखे, मग पैसे कसले? ओळखीच्या एका वकिलांनी चहा पिता पिता सांगून टाकलं होतं, "फिफ्टी-फिफ्टी घे, मेंटेनन्सचा विषयच संपला." घरी आई म्हणायची, "पोर पंधरा दिवस आपल्याकडे जेवते-खाते, वर आणखी पैसे मोजायचे?" खरं सांगतो मॅडम, संयुक्त ताबा मागताना लेकीची ओढ होतीच, पण तिच्या शेजारी हा हिशोबही बसलेला होता. तो तुम्ही पहिल्या दहा मिनिटांत ओळखलात, आणि तरीही मला टाकून बोलला नाहीत.

तुम्ही एक फुलस्केप घेतलंत, पट्टीने दोन उभ्या रेघा मारल्यात आणि हिरव्या पेनाने वर लिहिलंत: अर्धा होतो, अर्धा होत नाही, दुप्पट होतो. मग आम्हाला दोघांना म्हणालात, "आता तिचा एकेक खर्च सांगा, आणि तो कुठल्या रकान्यात जातो तेही तुम्हीच सांगा."

दूध, भाजी, डबा, फळं पहिल्या रकान्यात गेली. महिन्याचे साधारण सहा हजार, म्हणजे प्रत्येक घरी तीन. तिथेच माझा रकाना संपला. शाळेची फी, बस, वह्या-पुस्तकं, नृत्याचा क्लास, औषधपाणी, विम्याचा हप्ता हे सगळं मधल्या रकान्यात उतरत गेलं. पोर माझ्याकडे सात दिवस राहिली म्हणून शाळा फी निम्मी करत नाही, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? पण हवं होतं. ती बेरीज बारा हजारांवर गेली, आणि ते सगळे बारा हजार तिच्या आईच्या खात्यातून जात होते.

तिसऱ्या रकान्यात काय येणार, ते मला सुचेना. तिची आई तोवर गप्प होती. ती हळूच म्हणाली, "पांढरे बूट. बुधवारी पी.टी. असते आणि बूट नेमके दुसऱ्या घरी राहिलेले असतात." मग पलंग, अभ्यासाचं टेबल, गणवेशाचा जादा जोड असं एकेक निघालं. लेकीला नीट झोपता यावं म्हणून तिने एका खोलीऐवजी वन बीएचके भाड्याने घेतला होता, तेही त्याच रकान्यात आलं. दोन घरं केली की खर्च वाटला जातो असं मी धरून चाललो होतो. तो वाढतो, हे त्या पानावर पहिल्यांदा दिसलं.

कायदाही तुम्ही असाच उलगडून सांगितलात. माझ्यासारखे बरेच बाप ते चुकीच्या माणसांकडून ऐकून येतात, म्हणून इथे लिहितो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० प्रमाणे मुलांचं पालनपोषण ही आई आणि वडील दोघांचीही जबाबदारी आहे. ताबा कोणाकडे किती दिवस, यावर ती जबाबदारी संपत नाही. हा हक्क मुलीचा. आईबापांनी आपसांत सही करून तो सोडून देता येत नाही, त्यामुळे मी आणलेलं ते कलम उद्या टिकलंच नसतं. २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली आहे आणि आईबापांच्या संमतीने न्यायालयं तशी व्यवस्था मान्यही करतात. पण इतके दिवस म्हणजे इतके पैसे, असं ठरावीक सूत्र आपल्याकडच्या कायद्यात नाही. मुलीच्या गरजा, तिचं आजवरचं राहणीमान आणि दोघांची कमाई बघून आकडा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालात दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र देणं घालून दिलं. आई पुरेसं कमावत असेल तर मुलांचा खर्च दोघांत कमाईच्या प्रमाणात वाटता येतो, हेही त्याच निकालात आहे.

मी विचारलं होतं, "म्हणजे दिवसांना काहीच अर्थ नाही का?" तुम्ही म्हणालात, "आहे. जेवढे दिवस ती तुमच्याकडे, तेवढा रोजचा खर्च तुम्ही हातानेच करता. तो वजा करायचा. पण तेवढाच." मग पान उलटून माझ्यासमोर मांडणी केलीत. माझ्या हातात तेव्हा ऐंशी हजार येत होते, तिच्या हातात चाळीस. दोनास एक. मुलीचा एकूण खर्च अठरा हजार, त्यातले माझे बारा, तिचे सहा. माझ्या दिवसांतले तीन हजार मी घरीच करतो, उरले नऊ. ते आईच्या खात्यात, कारण फी-बस-क्लास ती भरते. वन बीएचकेच्या वाढीव भाड्यातले दोन हजार धरून अकरा हजार, आणि दर जूनमध्ये पाच टक्के वाढ. दोघांची कमाई सारखी असती तर देणंघेणं थोडंच उरलं असतं, तिची जास्त असती तर तिनेही मला दिलं असतं, हेही तुम्ही त्याच सुरात सांगितलंत. मला वाटतं त्या वाक्यामुळेच मी सही केली. बाप आहेस म्हणून दंड भर, असं तुम्ही म्हणत नव्हतात.

एक गोष्ट मात्र आजही टोचते. तारखा चालू असताना लेकीला तिच्या आईच्या आठवड्यात ताप भरला, तीन दिवस सलाइन लावावं लागलं. बिल आलं तेव्हा 'आठवडा तुझा होता' असा मेसेज मी पाठवला. पुढच्या भेटीत तिने तो मोबाइल तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही वाचलात, चष्मा काढलात आणि मला एवढंच विचारलंत, "ताप तुमच्या आठवड्यात आला असता तर बिल तिला पाठवलं असतंत?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच दिवशी दवाखान्याचा मोठा खर्चही दोनास एक वाटायचा, असं कलम टर्म्समध्ये वाढलं. पैसे थकले म्हणून भेट अडवायची नाही आणि भेट हुकली म्हणून पैसे रोखायचे नाहीत, हे कलमही तुमच्याच आग्रहाने आलं. त्यानंतर दोनदा आमचं कडाक्याचं भांडण झालं, तरी रविवारी संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या दहा नंबरवर लेक ठरल्या वेळेला या हातातून त्या हातात गेली.

आता गेल्या महिन्यात कोर्टात कशाला आलो होतो ते सांगतो. माझी कंपनी बंद झाली. महापेला दुसरी नोकरी मिळाली, पण पगार सहासष्टवर आला. तिचा मधल्या काळात चव्वेचाळीस झाला होता. मनमानी करून रक्कम कापली नाही, तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मॅडमचं पान आण." नौपाड्यात एका चहाच्या टपरीवर बसून आम्ही तीच मांडणी पुन्हा केली. लेक आता चौथीत, खर्च वीस हजारांवर गेलाय. प्रमाण तिनास दोन, माझे बारा. माझ्या घरचे साडेतीन वजा, भाड्याचे दोन जमा, साडेदहा हजार झाले. वाढ धरून मी बारा हजारांच्या वर देत होतो, म्हणजे रक्कम कमी होत होती. तिने बेरीज दोनदा तपासली आणि "बरोबर आहे" म्हणाली. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांबद्दलचा आदेश बदलून घेता येतो, तसा दोघांच्या सह्यांचा अर्ज दिला. तुमच्या दारावर दुसरी पाटी पाहिली, तेव्हा हे तुम्हाला सांगता येणार नाही याचं फार वाईट वाटलं.

मॅडम, तुमचे मनापासून आभार. लेकीची दोन्ही घरं आज नीट चालली आहेत, ती त्या पानावर.

या जूनमध्ये पांढरे बूट दोन जोड घेतले, एकाच मापाचे, गोखले रोडवरच्या दुकानातून. लेकीने दोन्ही घालून पाहिले. पावती तिच्या आईकडे आहे.

आपला कृतज्ञ,
ऐरोलीचा एक बाप