त्या सभेनंतर, मनूस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू काकाशी भांडलास. सभेला गेलास याचं मला वाईट वाटलं नाही. परीक्षेचा फॉर्म भरायचा नाही हे त्या एका संध्याकाळीत ठरलं, ते मात्र खटकतंय. असो, फॉर्मचं लिहायचं नव्हतं. भाषण आपलं मन कसं वळवतं, ते तपासायचं कसं, हे सांगायचंय.

बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण काढ. आधी एका दमात वाच. दुसऱ्यांदा पेन्सिल घे. मन वळवायच्या तीन वाटा अ‍ॅरिस्टॉटलने सांगितल्या: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. समासात वि, भा, यु अशा खुणा कर.

चूक होते ती आकड्यांपाशी. मसुदा समिती १४१ दिवस बसली, ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ मांडल्या गेल्या. आकडा दिसला की ‘यु’ लिहून मोकळं व्हायचं नाही. वेळ फार लावला या आक्षेपाला ते उत्तर आहे, म्हणून यु. पण किती कष्ट उपसले हेही त्यातून ठसतं, म्हणून वि. दोन्ही खुणा कर. पुढे ते श्रेय घटनात्मक सल्लागार बेनेगल राव आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जींना देतात, तिथे बाबासाहेबांवरचा भरवसा आणखी वाढतो.

मग येतात फितुरीने स्वातंत्र्य गमावल्याचे दाखले: लाच घेणारे सिंधच्या दाहिर राजाचे सेनापती, जयचंद, शिवाजी महाराज लढत असताना मोगलांच्या बाजूने उभे राहिलेले मराठे सरदार. आणि प्रश्न: इतिहासाची पुनरावृत्ती होईल का? अंगावर काटा येतो. हा ‘भा’, आणि त्यात वावगं काही नाही. कारण भीती जागवून ते थांबत नाहीत. घटनात्मक मार्गच धरा, सत्याग्रहसुद्धा सोडा, म्हणतात आणि का तेही सांगतात: मार्ग बंद होते तेव्हा त्याचं समर्थन होतं, आता मार्ग खुले आहेत. पटो न पटो, त्या कारणाशी वाद घालता येतो.

आता परीक्षा अशी: ‘भा’ची खूण असलेला मजकूर हाताने झाक. जे करायला सांगितलंय त्याचं कारण उरलेल्यात सापडतं का? तुझ्या वक्त्याने ‘शिक्षण सोडा’ म्हटलं, त्याआधी कारण होतं की नुसत्या टाळ्या? फॉर्म उशिरा भरला तर विलंब शुल्क लागतं, पण तारीखच गेली तर वर्ष जातं, रे.

पुन्हा शिकवायला लागले. रागावू नकोस. आठवीच्या स्पर्धेत परीक्षकांनाच उलट प्रश्न विचारणारा तू, आजी अजून सगळ्यांना सांगते. तुला हे जमणार नाही असं मला वाटतच नाही. भीती वाटते ती तू घाई करशील याची.

त्या सभेचं रेकॉर्डिंग तुझ्याकडे आहे म्हणालास. त्यातली दहा मिनिटं शब्दशः उतरवून काढ, खुणा कर आणि रविवारी मला फोनवर वाचून दाखव. मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
आई